जुनं सोडा व्हेंडिंग मशीन घ्यायचंय, ओळखायचं कसं?

हिरवी_मिरची (शनिवार, रात्री ९:४०)

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो. घरापासून पाऊण तासावर एका खेड्यात (चार घरं, एक चर्च आणि नजर जाईल तिथवर मका) एक आजी घर रिकामं करताहेत. त्यांच्या सासऱ्यांचं गॅस स्टेशन होतं. तिथलं कोकचं जुनं व्हेंडिंग मशीन त्यांच्या कोठारात कित्येक वर्षं पडून आहे. आजींच्या भाच्याने जाहिरात टाकलीय, 'व्हेंडो ४४, १९५० सालचं, ओरिजिनल, चालू'. मागतोय १,८०० डॉलर.

आज जाऊन पाहून आले. रंग लाल, वरचा पट्टा पांढरा, समोर कोका-कोलाचं स्टिकर. डाव्या अंगाला एक अरुंद उभं दार. ते उघडलं की बाटल्यांच्या खणांची तोंडं एकाखाली एक दिसतात. नाणं टाकायची खाच आहे. मोठ्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली "घरातच कुठेतरी असेल". त्यामुळे आतलं काही दिसलं नाही. भाच्याने वायर लावून दाखवली तर आतून घर्रर्र आवाज आला. तो म्हणाला, बघा, चालू आहे.

माझ्या वडिलांचं मिरजेत कोल्ड्रिंकचं दुकान होतं. गोल्ड स्पॉटच्या क्रेटवर बसून मी पाढे पाठ केलेत. म्हणून हा जीव अडकलाय, बाकी शहाणपणाचं कारण काही नाही. घ्यावं का? आणि हे खरंच व्हेंडो ४४ आहे का?

बटाटेवडा_प्रेमी (९:५२)

फोटो? धागा काढलात आणि फोटो नाही, हे म्हणजे मिसळीला बोलावून पाव संपले म्हणण्यासारखं झालं.

पाना_पक्कड (रात्री १०:३०)

हिरवी_मिरची, फोटोही टाका, पण आधी एक काम करा. टेप घेऊन जा आणि रुंदी मोजा.

व्हेंडो ही अशी मशिनं बनवणारी कंपनी. तिचं ४४ हे अगदी सडपातळ मशीन. रुंदी जेमतेम १६ इंच, उंची साडेसत्तावन्नच्या आसपास. कपाटाशेजारच्या फटीत उभं राहील असं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघालं, म्हणजे '१९५० सालचं ४४' ही जाहिरात तिथेच अडखळली. ते दिसायला देखणं, घरात मावतं, म्हणून त्याला मागणी फार. परिणामी प्रत्येक भाचा आपल्या मशिनला ४४ च म्हणतो.

तुम्ही सांगताय ते अरुंद उभं दार आणि एकाखाली एक खण हे वर्णन व्हेंडो ८१ च्या पठडीतलं आहे. ते सुमारे २७ इंच रुंद, ५८ उंच, १६ खोल. या जुन्या मशिनांच्या नावातला आकडा बहुतेक वेळा किती बाटल्या विकता येतात तो असतो. व्हेंडो ३९ मध्ये ३९, ४४ मध्ये ४४, ८१ मध्ये ८१. सगळीकडे हा हिशोब चालेल असं नाही, पण सुरुवात इथून करावी.

मी मिशिगनमध्ये असतो. गॅरेजमध्ये अशी दोन आहेत, तिसरं आणलं तर घरात जागा मला नसेल अशी तंबी मिळालेली आहे.

नानाची_टांग (रात्री ११:०५)

१,८०० डॉलर? अहो, दीडशेत छोटा फ्रिज मिळतो. त्यावर लाल रंग मारा, स्टिकर लावा. कोक तितकाच गार लागतो. भंगाराला 'व्हिंटेज' म्हटलं की किमतीत शून्य वाढतं एवढंच.

पाना_पक्कड (११:२०)

नाना, तुम्ही लग्नात बँडऐवजी मोबाईलवर गाणी लावली होती का?

नानाची_टांग (११:२२)

रजिस्टर लग्न. ६ माणसं. आजही सुखात आहोत.

सोलापुरी_चादर (रविवार, सकाळी ७:१५)

मला या विषयातलं काही कळत नाही, पण शीर्षकात सोडा वाचलं आणि राहवेना. आमच्या पेठेत गोटी सोड्याचं दुकान होतं. तिथलं भरायचं मशीन आठवतं का कुणाला? लोखंडी पिंजऱ्यात दोन-तीन बाटल्या अडकवायच्या, गॅसची नळी जोडायची आणि हँडल मारत तो पिंजरा गरागरा फिरवायचा. बाटली उलटी झाली की आतली गोटी तोंडाशी येते आणि गॅसच्या दाबाने रबरी चकतीवर घट्ट बसते. वेगळं झाकण नाही की बूच नाही. फोडताना अंगठ्याने लाकडी खुंटी दाबली की फट्ट! ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट केली. तिकडे ती केव्हाच अडगळीत गेली, आपण मात्र लिंबू-मीठ घालून चालू ठेवली.

तेच खरं आमचं सोडा मशीन. नाण्याऐवजी मामाला हाक मारावी लागायची.

बटाटेवडा_प्रेमी (७:४०)

आणि मुंबईत दंगल झाली की पेपरात 'सोडावॉटरच्या बाटल्यांचा वर्षाव' हे वाक्य ठरलेलं. क्षेपणास्त्र आणि शीतपेय असा दुहेरी उपयोग.

शॉर्ट_सर्किट (सकाळी ८:१०)

सोड्याच्या नादात मुख्य मुद्दा राहायला नको. घर्रर्र आवाज म्हणजे मशीन चालू, असं अजिबात नाही. तो पंखा असेल. कॉम्प्रेसर फिरत असला तरी गॅस शिल्लक असेलच असं नाही. आजींना सांगा, आदल्या रात्री मशीन लावून ठेवा. तुम्ही थर्मामीटर आणि पाण्याची एक बाटली घेऊन जा आणि तासभर तिथेच थांबा. पाणी गार झालं तर 'चालू' म्हणायचं.

त्याआधी वायर बघा. त्या काळातल्या मशिनला दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नाही. वायरीवरचं आवरण वाळून तडकलेलं असतं. पत्र्याचं डबडं, आत ओल, बाहेर काँक्रीटवर अनवाणी उभा माणूस! वायर बदलून तीन पिनांची केल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. भाच्याने लावून दाखवलं हे वाचूनच माझ्या अंगावर काटा आला.

गॅसचंही सांगतो. १९५० च्या दशकातल्या मशिनांत साधारण आर-१२ असतो. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबलं. तो हवेत सोडणं बेकायदा आहे, त्यामुळे परवानाधारक माणूसच बोलवा. त्याच्याऐवजी नंतरचा आर-१३४ए गॅस घालायचा म्हटलं तर आतलं तेलही बदलावं लागतं, कारण जुनं खनिज तेल त्याच्याबरोबर नीट मिसळत नाही. नुसता गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

अत्तरदाणी (८:४५)

घरात लहान मुलं असतील तर अजून एक. जुन्या फ्रिजची दारं बाहेरून खटक्याने बंद व्हायची, आतून उघडायची नाहीत. लपाछपी खेळताना मुलं आत अडकून गुदमरायची. म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये खास कायदा झाला, घरगुती फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे असा. कुलपाचं हे जुनं मशीन रिकामं कोठारात किंवा गॅरेजमध्ये उभं ठेवणार असाल तर दार काढून ठेवा, नाहीतर किल्ली स्वतःकडे.

हिरवी_मिरची (दुपारी १:३०)

बापरे, हे सगळं डोक्यातच आलं नव्हतं. शॉर्ट_सर्किट, भाच्याला निरोप दिला, वायर काढून ठेव म्हणून. फोटो टाकलेत खाली. रुंदी त्याच्याकडून मोजून घेतली: २७ इंच. म्हणजे ४४ नाही हे नक्की ना?

पाना_पक्कड (दुपारी २:०५)

नाहीच. हत्तीला हरीण म्हणून विकतोय.

आता फोटो पाहून माझ्या शंका सांगतो. पहिली गोष्ट, दारावरची अक्षरं. १९५० च्या दशकातल्या कोकच्या मशिनांवर 'ड्रिंक कोका-कोला' वगैरे अक्षरं पुष्कळदा पत्र्यातच ठोकून उठवलेली असतात, हात फिरवला की लागतात. तुमच्या फोटोत सपाट पत्रा आणि वर स्टिकर. त्यात स्टिकरवर अक्षरांखाली पांढरी लाट आहे. ती लाट कोकने १९६९ मध्ये आणली. त्याआधी १९५८ पासून माशाच्या शेपटीसारखी चौकट होती. मशिनचे खांदे गोलसर आहेत, म्हणजे घडण १९५० च्या दशकातली वाटते. मग कपाळावर १९६९ नंतरची लाट कशी? कुणीतरी नंतर रंगवलंय. यात पाप काही नाही, गॅस स्टेशनवाले रंगवायचेच. पण मग 'ओरिजिनल' हा शब्द जाहिरातीतून काढायला लावा.

दुसरी गोष्ट. त्या ठेवणीची मशिनं एकट्या व्हेंडोची नसायची. व्हेंडो कॅन्सस सिटीची. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोला व्हेंडोरलेटर होती, ती व्हेंडोने १९५६ मध्ये विकत घेतली. टेनेसीत चॅटनूगाला कॅव्हेलियर होती, तिचा मूळ धंदा फर्निचरचा. शिवाय जेकब्स. भाग मिळवायचे तर मशीन कुणाचं हे कळायलाच हवं, एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही. किल्ली शोधा. दाराच्या आत किंवा मागे धातूची पाटी असते, तिच्यावर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक. ती वाचल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका.

कुंकू_कोयरी (दुपारी ३:२०)

चॅटनूगा वाचून आठवलं. बाटलीबंद कोकचा मोठा धंदा सुरू झाला तोच चॅटनूगाहून. तिथल्या दोन वकिलांनी १८९९ मध्ये जवळजवळ सगळ्या अमेरिकेत बाटल्या भरायचे हक्क १ डॉलरला मिळवले. तो डॉलरही कंपनीने कधी वसूल केला नाही म्हणतात.

आणि या मशिनांचा एक भन्नाट किस्सा आहे. साडेसहा औंसांचा कोक, आधी ग्लासात आणि पुढे बाटलीतही, १८८६ पासून सत्तरएक वर्षं ५ सेंटलाच मिळायचा. भाव वाढवावा तर मशिनं फक्त निकेल घ्यायची, म्हणजे पाच सेंटचं नाणं. पुढचं नाणं थेट दहाचं. एकदम दुप्पट कसं करणार? १९५३ मध्ये कोकच्या रॉबर्ट वुडरफ यांनी आयझेनहॉवर यांना चक्क साडेसात सेंटचं नाणं काढायची गळ घातली. ते राष्ट्राध्यक्ष आणि वुडरफांचे मित्र. सरकारने काही ऐकलं नाही. काही ठिकाणी तर अशी शक्कल लढवली की मशिनमध्ये दर नऊ बाटल्यांत एक रिकामी ठेवायची. ज्याच्या वाट्याला रिकामी आली त्याने पुन्हा निकेल टाकायचं. सरासरी भाव वाढला, नाणं तेच.

नानाची_टांग (३:३१)

ही कल्पना आमच्या सोसायटीच्या टँकरवाल्याला माहीत आहे असं दिसतं.

सोलापुरी_चादर (३:५०)

=)) =)) नाना, आज पहिल्यांदा तुम्हाला +१.

ठाणे_फास्ट (संध्याकाळी ६:१०)

आपल्याकडे नाण्याचं मशीन म्हणजे स्टेशनवरचा वजनकाटा. चक्र फिरायचं, दिवे लागायचे, नाणं टाकलं की खट् करून जाड तिकीट. एका बाजूला वजन आणि भविष्य, दुसऱ्या बाजूला नटनट्या. माझं वजन ४१ आणि भविष्य 'आपण जन्मजात नेते आहात'. दोन्ही खोटं निघालं.

एक विचारायचं होतं. असं मशीन मुंबईला पाठवता येईल का? भावाचं कॅफे आहे.

शॉर्ट_सर्किट (६:४०)

ठाणे_फास्ट, पाठवता काहीही येतं. पण ते ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालणारं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरेल, पण ५० हर्ट्झचं काय? मोटर हळू फिरणार, तापणार. भावाला आतली गारव्याची यंत्रणाच भारतातली बसवून घ्यावी लागेल. कॅफेत नुसतं शोभेला ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

हिरवी_मिरची (बुधवार, रात्री ८:१५)

अपडेट! किल्ली सापडली. आजींच्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली. आज ऑफिसातून परस्पर गेले.

दार उघडलं. आत पाटी आहे, पण तिच्यावरूनही लाल रंग फासलेला. आजींना विचारून नखाने आणि थोड्या थिनरने खरवडला. कंपनी: व्हेंडोरलेटर, फ्रेझ्नो, कॅलिफोर्निया! मॉडेलच्या जागी ८ दिसतो, पुढचा आकडा गंजाने खाल्लाय.

खरी गंमत पुढे. दाराच्या कडेला, रबरी पट्टीच्या खाली, जिथे रंगवणाऱ्याचा ब्रश पोचला नाही, तिथे रंग निळा आहे. गडद निळा. आजींना दाखवलं तर त्या खुर्चीतच बसल्या आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, सासरे आधी पेप्सी ठेवायचे, मग पेप्सीच्या माणसाशी भांडण झालं आणि एका रविवारी मशीन लाल झालं. भाच्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने आपलं इंटरनेटवर बघून ४४ लिहिलं.

पाना_पक्कड (८:२५)

आहाहा! कोकच्या कपड्यातली पेप्सी! व्हेंडोरलेटरने कोक, पेप्सी आणि इतरांसाठीही मशिनं केली, त्यामुळे हे जुळतं. खण मोजा, म्हणजे ८ च्या पुढे काय ते उजेडात येईल.

बटाटेवडा_प्रेमी (८:३१)

पक्षांतर केलेलं मशीन. महाराष्ट्रात आणा, मंत्री होईल.

नानाची_टांग (८:४०)

मग आता किंमत निम्मी करा. लाल रंगाचे पैसे का द्यायचे?

पाना_पक्कड (९:१०)

नाना थट्टेत खरं बोलले. नक्कल रंग, स्टिकर, गारवा सिद्ध झालेला नाही, मॉडेल अर्धवट. माझ्या हिशोबाने १,८०० चा प्रश्नच नाही. मी माझं पहिलं मशीन स्वस्तात घेतलं या आनंदात होतो. मग क्रोमचं हँडल, रबरी पट्टी, नाण्यांची यंत्रणा आणि पत्राकाम यात मशिनच्या तिप्पट गेले. नाण्यांची यंत्रणा जागेवर आहे ना, ते नक्की बघा. लोक ती आधी काढून विकतात. तळाचा पत्राही तपासा, पाणी साचून तिथेच सडतं. स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच टोचा. आरपार गेला तर नमस्कार करून परत या.

अत्तरदाणी (९:३५)

घेतलंत तर रंग कोणता ठेवणार? माझं मत, लालला हात लावू नका. सासऱ्यांच्या भांडणाचा तो पुरावा आहे.

पाना_पक्कड (९:५०)

मला नाही पटत. निळा मूळ रंग आहे, तो वर आणावा. मात्र वाळूच्या फवाऱ्याने खरवडायला देऊ नका, मोठा सपाट पत्रा त्याने लाटांसारखा वाकतो. आणि जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. घरात घासू नका, मास्क घाला, मुलांना लांब ठेवा.

अत्तरदाणी (९:५८)

मूळ, मूळ काय? ते लाल म्हणून जास्त वर्षं जगलं. निळा हा त्याचा फार तर माहेरचा रंग.

कुंकू_कोयरी (१०:१०)

'माहेरचा रंग' हे आवडलं. 

मिरची, एक व्यवहाराचं. बाटली कोणती घालणार? कोकची जुनी साडेसहा औंसांची परत करायची बाटली आता भरली जात नाही. मिनेसोटातल्या विनोनाच्या कारखान्यात २०१२ मध्ये तिचा शेवटचा घाणा निघाला. आता मिळते ती ८ औंसांची, किंवा मेक्सिकोची उंच ३५५ मिलीची. तुमच्याकडे एक गोष्ट जमेची असू शकते. पेप्सी १९३० च्या दशकापासून निकेलमध्ये १२ औंस द्यायची, त्यामुळे तिच्यासाठी लावलेल्या मशिनच्या खणात मोठी बाटली मावण्याची आशा जास्त. पण अंदाज नको. दोन्ही बाटल्या घेऊन जा, घालून ओढून बघा.

हिरवी_मिरची (पुढचा रविवार, दुपारी ४:४५)

तर मंडळी, मशीन आमच्या गॅरेजात आलं. ६५० डॉलर. मी ५०० म्हटलं, भाचा ९०० वर अडला, आजी म्हणाल्या, हिने किल्ली शोधायच्या निमित्ताने माझा आख्खा शिवणाचा डबा लावून दिला, हिला साडेसहाशेला दे. टेम्पोत चढवायला चार माणसं लागली. नवरा त्यातला एक होता. तो अजून माझ्याशी फक्त क्रियापदांत बोलतोय.

गारवा: शॉर्ट_सर्किट म्हणाले तेच निघालं. पंखा फिरतो, पाणी कोमटच राहिलं. परवानावाला पुढच्या आठवड्यात येतोय. तळ शाबूत. नाण्यांची यंत्रणा आहे, आत १९६४ चं एक निकेल अडकलेलं होतं, ते आजींना दिलं. ८ औंसांची बाटली खणात खुळखुळते, मेक्सिकोची नीट बसते. खण मोजले, पण आत दोन ओळी वाकलेल्या असल्यामुळे मी एकदा ८१ मोजले आणि एकदा ८८. पाना_पक्कड, तुम्हीच या मोजायला. जेवायला वांग्याची भाजी आणि भाकरी.

रंगाचं अजून ठरत नाही. दाराची आतली कड निळी तशीच ठेवणार हे नक्की.

पाना_पक्कड (५:००)

भाकरीसाठी चार तास गाडी चालवेन. शनिवारी?

हिरवी_मिरची (रात्री १०:२०)

या.

जाता जाता सांगते. आत्ता मिरजेला व्हिडिओ कॉल केला, बाबांना मशीन दाखवलं. त्यांनी १९७७ ला दुकानातून कोक गेलेला पाहिलाय, पुढे ९३ ला परत आलेलाही. मला वाटलं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. त्यांनी चष्मा लावला, मशीन वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं ठीक. पण गिऱ्हाईक बाटली घेऊन गेलं तर? डिपॉझिट कोण घेतं?"

पाना_पक्कड (१०:२८)

बाबांना सांगा, आमच्या मिशिगनात बाटलीमागे दहा सेंट डिपॉझिट आहे. तुमच्या ओहायोत काही नाही.

हिरवी_मिरची (१०:४१)

सांगितलं. म्हणाले, मशीन मिशिगनला न्या.